परवान्यावरची एक जागा

खर्चाच्या प्रस्तावांवर टिप्पणी लिहिणे हे माझ्या नोकरीतले नित्यकर्म आहे. गेली तीस वर्षे मी इतरांच्या मागण्या वाचत आलो आहे. कुणाला वाहन हवे असते, कुणाला यंत्र, कुणाला इमारतीवर आणखी एक मजला. नस्ती कोणतीही असो, तिच्यावर विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: गरज काय, पर्याय कोणते, मागितलेली किंमत रास्त आहे काय, आणि वस्तू आल्यावर तिचा पुढचा खर्च कोण सोसणार. मात्र शिकारीच्या रायफलीवर अभिप्राय देण्याचा प्रसंग म्हैसूरला बदली होईपर्यंत माझ्यावर आला नव्हता. प्रस्ताव अर्थातच सरकारी नव्हता. पण त्यावर विचार करताना प्रशासन आणि अर्थशास्त्र या दोहोंविषयी जे ध्यानात आले, ते या जागी नोंदवून ठेवण्यासारखे वाटले.

माझे एक ज्येष्ठ स्नेही केंद्र सरकारच्याच सेवेतून निवृत्त झाले आहेत. ते कोडव समाजातले. कोडगूत त्यांचे वडिलोपार्जित घर आणि थोडी कॉफीची बाग आहे. वर्षाचा बराचसा काळ मात्र ते म्हैसूरला असतात. त्यांच्या ओळखीचे एक वयोवृद्ध मळेवाले आपली जुनी इंग्रजी रायफल विकू इच्छित होते. मुले परदेशी स्थायिक झालेली, शस्त्र सांभाळायला मागे कुणी नाही. रायफल लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची. मागितलेली किंमत माझ्या स्नेह्यांच्या सव्वा वर्षाच्या निवृत्तिवेतनाइतकी होती. ते मला म्हणाले, "तुम्ही अर्थशास्त्रवाले. आयुष्यभर लोकांचे प्रस्ताव तपासलेत. आता माझा तपासा. मात्र आपली मैत्री आहे म्हणून सौम्य लिहू नका."

त्यांच्या मनात तुलना होती ती अमेरिकेतल्या पुतण्याच्या रायफलीशी. त्याने तिथल्या एका मोठ्या कारखान्याच्या 'कस्टम शॉप'मधून रायफल करवून घेतली होती. ही व्यवस्था थोडी समजून घ्यायला हवी. कारखाना एकाच नमुन्याच्या हजारो रायफली काढतो. त्याच कारखान्याचा एक लहान विभाग मात्र ग्राहकाच्या मागणीबरहुकूम एकेक रायफल घडवतो. नळी निवडक, कुंद्याचे अक्रोडी लाकूड ग्राहकाने पसंत केलेले, कुंद्याची लांबी त्याच्या हाताच्या मापाची, चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा. किंमत नेहमीच्या मालाच्या कित्येक पट. विंचेस्टर, रेमिंग्टन यांसारख्या कारखान्यांनी असे विभाग अनेक वर्षे चालवले. रिग्बीचा जुना व्यवहारही याच्या जवळपासचा होता. बंदुकीचा गाभा, म्हणजे काडतूस आत घेणारी व बाहेर टाकणारी यंत्रणा, जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यातून यायची आणि लंडनचे कारागीर तिला नळी, कुंदा व नेमाच्या खुणा बसवून गिऱ्हाइकाच्या अंगासारखी करून देत. म्हणजे प्रश्न दोन्हीकडे एकच: कारखान्याच्या साध्या मालावर हाताने चढवलेल्या या कामाचे मोल किती?

पहिला मुद्दा गरजेचा. म्हैसूर हे शिकारीच्या इतिहासातले मोठे गाव. नागरहोळेचे रान म्हैसूरच्या राजांचे राखीव शिकारक्षेत्र होते. मारलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी भरून देणारी व्हॅन इंगेन यांची पेढी याच शहरात होती. तिने भरलेली मुंडकी जगभरच्या राजवाड्यांच्या भिंतींवर आजही आहेत. आम्हा कोल्हापूरकरांना हे नवे नाही. दाजीपूरचे रानही एके काळी संस्थानिकांच्या शिकारीसाठी राखलेले होते. परंतु १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ साली बंडीपूर व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत गेले, आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेची शिकार देशभर कायमची संपली. व्हॅन इंगेन यांची पेढीही विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. तेव्हा शिकारीची रायफल विकत घ्यायची, पण शिकार करायची नाही, अशी ही खरेदी. पिकांची नासाडी करणाऱ्या किंवा माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत कायद्यात तरतूद आहे. पण तिथेही सक्षम वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि तो आदेश काही रायफल पाहून निघत नाही.

कोडगूत बंदुकीला शिकारीपलीकडचे स्थान आहे, हे इथे मान्य करायला हवे. १८६१ साली मार्क कबन यांनी कोडवांना शस्त्रबंदीच्या कायद्यातून सूट दिली. स्वतंत्र भारतानेही ती वेळोवेळी चालू ठेवली. २०१९ साली तिला २०२९पर्यंत मुदतवाढ मिळाली आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडव घरात मुलगा जन्मला की एक बार काढतात, कुणी निवर्तले की दोन. सप्टेंबरातल्या कैलपोल्द सणाला बंदुका देवघरात मांडून त्यांना फुले वाहतात. ते फूल म्हणजे आपली कळलावी; तिथे तिला बंदुकीचेच फूल म्हणतात. खंडेनवमीला तलवारीपुढे झेंडूची फुले ठेवणाऱ्या मराठी माणसाला हा भाव समजावून सांगावा लागू नये. माझ्या स्नेह्यांकडे वडिलांची दुनळी १२ बोअर आहे. तिचे दोन बार वडिलांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांनीच काढले होते. तिच्या जोडीला ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल आहे. म्हणजे परंपरेची गरज पहिलीने भागते आणि नेमबाजीच्या हौसेची दुसरीने. तिसरीसाठी गरजेचा रकाना रिकामाच राहतो.

दुसरा मुद्दा गुणवत्तेचा. आजची कारखान्याची साधी रायफल, काडतूस चांगले असेल तर, शंभर यार्डांवर इंचभराच्या आसपासच्या वर्तुळात गोळ्या पाडते. उत्तम हातकामाने ते वर्तुळ अर्ध्यावर येईलही. पण ही मोजमापे बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून घेतलेली असतात. उभ्याने, श्वास लागलेला असताना नेम धरणाऱ्या माणसाच्या हाताची चूक त्या वर्तुळाच्या कितीतरी पट मोठी असते. अर्थशास्त्रात आपण शिकतो की ज्या घटकामुळे उत्पादन अडले आहे, त्यावरच पुढचा रुपया खर्च करावा. इथे अडचण नळीची नाही, हाताची आहे. आणि हात सुधारायला सराव लागतो, म्हणजे काडतुसे लागतात.

हातकामाचा एक भाग मात्र खराखुरा उपयोगी असतो, तो म्हणजे माप. कुंदा खांद्याला नेमका बसला की डोळा आपोआप नेमाच्या रेषेत येतो. लांब असला तर कोटाच्या बाहीत अडकतो, आखूड असला तर धक्का गालावर येतो. परंतु ही रायफल ज्याच्या मापाने घडली, तो माणूस सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा. माझे स्नेही अंगाने लहानखुरे. मी त्यांना विचारले की ती खांद्याला लावून पाहिली का. ते म्हणाले, "पाहिली. कुंदा बोटभर लांब आहे." मापाने शिवलेला बंदगळा दुसऱ्याच्या अंगावर चढला की तो तयार कपड्यांच्या दुकानातल्या कोटापेक्षाही गैरसोयीचा होतो. ज्या गुणासाठी मूळ गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजले, तो गुण त्याच्याबरोबरच संपला. दुसऱ्या धन्याला उरते ते लाकूड, नक्षी आणि नाव.

तिसरा मुद्दा किमतीचा, आणि माझ्या विषयाच्या माणसाला सर्वांत रस याच मुद्द्यात. पुतण्याने आपल्या नव्या कोऱ्या, मापाने घडवलेल्या रायफलीला जे मोजले, त्याहून या जुन्या रायफलीची मागणी बरीच अधिक होती. हे का? तर १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. नामांकित नेमबाज एवढाच काय तो अपवाद. देशात ज्या इंग्रजी रायफली आहेत त्या सगळ्या जुन्या आयातीतल्या. त्यांत नवी भर जवळजवळ पडत नाही, आणि गंजून वा मोडून संख्या घटत मात्र राहते. ॲन क्रूगर यांनी १९७४ साली भारत आणि तुर्कस्तान यांची उदाहरणे घेऊन दाखवले की आयातीवर मर्यादा घातली की तिच्यापोटी एक फुकटची कमाई जन्माला येते आणि ती मिळवण्यासाठी माणसे धडपडतात. एम.ए.च्या वर्गात ते आम्ही परीक्षेसाठी वाचले होते. इथे ते टेबलावर, अक्रोडी कुंद्याच्या रूपात समोर पडले होते. या किमतीत पोलादाचा भाग लहान आणि मनाईचा भाग मोठा होता. मनाईचे मोल मनाई असेपर्यंतच टिकते. उद्या एका अधिसूचनेने आयात खुली झाली तर रायफल तीच राहील, किंमत मात्र ओसरेल. ती खुली करावी असे मी म्हणत नाही. शस्त्रांचा प्रसार रोखण्याची कारणे पटण्यासारखी आहेत. एवढेच म्हणतो की किमतीत काय काय भरले आहे ते घेणाऱ्याला ठाऊक असावे.

नियम वस्तूंना कसा आकार देतात, याचे याच व्यापारातले एक जुने उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने .४५० बोअरच्या रायफलींची हिंदुस्थानातली आयात बंद केली, कारण त्याच व्यासाच्या गोळ्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकींना चालतील आणि त्या बंडखोरांच्या हाती जातील, ही धास्ती. लंडनच्या बंदूककारांनी काय केले? .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढून तोच माल पुन्हा हिंदुस्थानात पाठवला. हत्तीच्या दृष्टीने फरक शून्य; कायद्याच्या दृष्टीने सगळा. आपल्या ईशापूरच्या रायफलीचे .३१५ हे मापही त्याच विचारातले: लष्कराच्या .३०३ काडतुसाशी जुळू नये म्हणून नागरिकांसाठी निराळे. आज आपण 'दर्जेदार' म्हणून ज्या मापांचे कौतुक करतो, त्यांतली काही मापे एखाद्या कारकुनाने लिहिलेल्या मनाईतून जन्मली आहेत.

चौथा मुद्दा जुन्या मालाच्या बाजाराचा. विकणाऱ्याला माल माहीत असतो, घेणाऱ्याला नाही. अशा बाजारात काय घडते ते जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने सांगितले. रायफलीबाबत हे अज्ञान नळीच्या आत दडलेले असते. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोपीतील रसायनाने नळीत एक क्षार मागे राहत असे. तो हवेतला ओलावा ओढून घेई. बार काढल्यावर त्याच दिवशी नळी पाण्याने धुतली नाही तर आतून बारीक खड्डे पडत, आणि कोडगूचा पाऊस तर जूनपासून महिनोन् महिने मुक्कामाला. बाहेरून तेलाने चमकणारी रायफल आतून फणसाच्या सालीसारखी असू शकते. जाणत्या कारागिराने दिव्याच्या उजेडात नळी पाहिल्याशिवाय आणि मैदानावर पाच गोळ्या झाडून दाखवल्याशिवाय कोणताही आकडा बोलू नये, असे मी लिहिले.

पाचवा, पुढच्या खर्चाचा. आपल्या १२ बोअरला लागणारी 'शक्तिमान' काडतुसे पुण्याच्या खडकीत होतात. .३१५ची काडतुसेही देशातच होतात. २०२१ साली आयुध कारखान्यांच्या मंडळाचे सात कंपन्यांत रूपांतर झाले, पाट्या बदलल्या. पण माल मिळतो. .२७५चे तसे नाही. ते काडतूस परदेशाहून आलेले, विक्रेत्याकडे असले तर असले. मिळाले की माणूस ते वापरत नाही, जपून ठेवतो. म्हणजे जी रायफल सर्वांत अचूक म्हणून घ्यायची, तिच्यावर सराव सर्वांत कमी होणार.

हे पाच मुद्दे लिहून झाल्यावर मला वाटले की टिप्पणी पूर्ण झाली. पण खरा प्रश्न रुपयांचा नव्हताच. शस्त्र अधिनियमात १९८३ साली एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुकांची मर्यादा घातली गेली. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. माझ्या स्नेह्यांच्या परवान्यावरच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. रिग्बी घरात यायची तर एक बंदूक घराबाहेर जायला हवी. पर्यायी खर्च हा शब्द आम्ही पुस्तकात शिकतो आणि बहुतेक वेळा पैशात मोजतो. इथे तो पैशात मोजण्याची सोयच नव्हती. रायफल गेली तर सरावाचे साधन गेले. दुनळी गेली तर ज्या नळ्यांतून वडिलांना निरोप दिला त्या गेल्या, आणि तिला बाजारात येईल ती रक्कम तर सांगायलाही संकोच वाटावा अशी. बाजाराच्या दृष्टीने घरातली सर्वांत स्वस्त वस्तू हीच घराच्या दृष्टीने सर्वांत महाग होती. मी शेवटचा परिच्छेद एवढाच लिहिला: "आपण रायफलीची किंमत विचारली आहे. माझ्या मते आपण परवान्यावरच्या एका जागेची किंमत विचारायला हवी. त्या जागेवर आज कोण आहे, ते पाहून निर्णय घ्यावा. वरील कारणांस्तव खरेदीची शिफारस करता येत नाही."

टिप्पणी वाचून ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सगळे पटले. पण एक गोष्ट तुमच्या कोष्टकात बसत नाही. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीबद्दल १९०७ साली भेट मिळालेली रायफल हीच, याच घराची, याच मापाची. २०१५ साली कंपनीनेच ती परत विकत घेतली. लहानपणी ती गोष्ट वाचल्यापासून या नावाची रायफल एकदा आपली असावी असे वाटत आले. त्याचे काय?" मी म्हणालो की ती इच्छा खोटी नाही, आणि तिला किंमत द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार सल्लागाराला नाही. वित्त सल्लागाराने मत द्यावे, निर्णय प्रशासकाने घ्यावा, ही विभागणी सरकारात उगाच केलेली नाही. मात्र ज्या वस्तूने कॉर्बेटची रायफल मोठी झाली, ते तिचे पोलाद नव्हते. कुमाऊंच्या रानात पायी फिरलेला माणूस होता.

इथे नियमांनीच त्यांना मदत केली. खाजगी व्यक्तीला आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकास विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिसांना आधी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. कायद्याचा हेतू पडताळणीचा आहे. पण त्यातून हौसेला निवायलाही अवधी मिळतो. आम्हा सेवेतल्या लोकांना दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून महाग जंगम वस्तू घेतली की महिन्याभरात कळवावे लागते, त्याबद्दल कुरकुर करणारे अनेक भेटतात. माझा अनुभव असा की आपण काय घेतले आणि कशासाठी, हे एका ओळीत लिहावे लागणे हाच पुष्कळ खरेद्यांवरचा उतारा आहे.

त्या अवधीची गरज पडली नाही. पंधरवड्याने त्यांचा फोन आला. मळेवाल्यांना त्यांनी नम्रपणे नकार कळवला होता. "पण तुमच्या टिप्पणीतला एक मुद्दा मी मंजूर केला," ते म्हणाले. "मापाचा." ईशापूरची रायफल खांद्याला लावून पाहिल्यावर त्यांना कळले की तिचाही कुंदा त्यांना लांबच होता, इतकी वर्षे ते मान वाकडी करून नेम धरत होते. नळी आखूड करणे हा गुन्हा आहे, पण कुंद्याला तशी मनाई नाही. परवानाधारक कारागिराकडून त्यांनी कुंदा बोटभर कापून घेतला, मागे रबराची गादी बसवली आणि बिलात तेवढीच रक्कम पडली जेवढी रिग्बी पाहायला जाण्या-येण्याच्या टॅक्सीला पडली होती.

माझ्या टिप्पणीत मी हे सुचवले नव्हते. प्रस्ताव नाकारण्यासाठी वाचायची आम्हाला सवय असते. प्रस्तावातला कोणता भाग खरा आहे, तो वेगळा काढून स्वस्तात कसा पुरा करता येईल, हा प्रश्न नमुन्यात छापलेला नसतो. हल्ली एखादी महागडी मागणी माझ्याकडे आली की मी ठरलेल्या प्रश्नांना तो पाचवा प्रश्न जोडतो. दर वेळी उत्तर मिळतेच असे नाही.

रिग्बीचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. ज्या घरी गेली असेल, त्या घरच्या परवान्यावरून तिच्यासाठी कोण उठले, एवढे जाणून घ्यायची मात्र इच्छा आहे.